दोरा ओवलेल्या बावीस सुया

सगळ्याच सुयांत दोरा होता. टोमॅटोएवढी लाल मखमलीची उशी, तिच्यात टोचलेल्या बावीस सुया – शर्वाणीनं दोनदा मोजल्या, कारण हल्ली ती सगळंच दोनदा मोजते, दुधाचे चमचे, मुग्धाचे श्वास, लिफ्टचे मजले – आणि प्रत्येकीच्या नेढ्यातून वीतभर दोरा खाली लोंबत होता. पांढरा, काळा, राणी, हळदी, आणि चार-पाच तऱ्हांचे हिरवे. एवढ्याशा टेकडीवर पतंगांच्या शेपट्या अडकून राहाव्यात तसं काहीतरी. किती सुंदर, असंच आधी मनात आलं. मग सायराआंटीचा आवाज आठवला.

तीन महिन्यांपूर्वीचा व्हॉइस मेसेज. सायराआंटी म्हणजे शेजारच्या ब्यूटीपार्लरवाली, हैदराबादची, अठरा वर्षं आईच्या दुकानाला भिंत लावून बसलेली. “बेटा, अम्मा आजकल हर किसी से सुई में धागा डलवाती हैं. ज़रा देख लेना.” शर्वाणी तेव्हा मुग्धाला मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांसमोरून लाल लोकरीचा गोंडा फिरवत होती – बाळाची नजर गोंड्यामागं जाते की नाही ते बघत, चौथ्या महिन्यात जायला हवी, पुस्तकात तसं लिहिलं होतं – आणि त्या गडबडीत तिनं एका हातानं उत्तर टाकलं होतं, ‘अरे आंटी, वो तो उनकी स्टाइल है’, पुढं हसरा चेहरा. बाळाची नजर गोंड्यामागं बरोबर गेली. शर्वाणीला इतका आनंद झाला की तिनं नवऱ्याला, निनादला, ऑफिसात फोन केला. सायराआंटीचा निरोप वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

आणि खरंच, ती आईची स्टाइलच होती की. शारजाशेजारच्या अल कुसैसमधल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं – अल्टरेशनचे कपडे घ्यायला आलात की चिनी मावशी, म्हणजे आईच, आधी उशी पुढं करते. “एक सुई ओव, मंग घे.” बायका हसत हसत ओवायच्या. कुणाला वाटायचं, चिनी लोकांत हा शकुन असेल. एक दोघींनी तर रीलही बनवला होता.

“नी, उभी का? बस,” आई आतून म्हणाली. नी म्हणजे शर्वाणी. पूर्ण नाव आईच्या जिभेवर कधी नीट बसलं नाही, शेवटचं अक्षर तेवढं बसलं, ते तिनं अठ्ठावीस वर्षं जपून वापरलं. “बाळाला दोरे देऊ नको. तोंडात घालंल.”

“नाही देत गं.”

सकाळचे साडेसात. निनाद त्यांना सोडून जबल अलीला निघून गेला होता, आणि आज शर्वाणीच्या छातीत सकाळपासून काहीतरी लेझीम खेळत होतं. आज गुरुवार. आज चार वाजता मराठी मंडळाच्या साधनाताई गाडी घेऊन येणार, एक्केचाळीस शिवलेल्या नऊवारी घेऊन जाणार, आणि परवा शारजातल्या त्या मोठ्या हॉलमध्ये एक्केचाळीस बायका आईच्या हातचे काष्टे नेसून लेझीम खेळायला स्टेजवर उतरणार. एक्केचाळीस. एका बाईनं. सहा आठवड्यांत. हे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं – टॅक्सीवाल्यांना, सिग्नलला थांबलेल्या कंपनीच्या बसमधल्या पेंगणाऱ्या माणसांना – आणि त्या आनंदाच्या मागंच, दाराआड उभं राहावं तसं, सोमवार उभा होता. सोमवारी शर्वाणीची रजा संपणार. सोमवारपासून सात महिन्यांची मुग्धा दिवसभर इथं, या दुकानात, आजीजवळ राहणार. हे ठरलं होतं. मुग्धा पोटात असल्यापासून ठरलं होतं. आईच्या हातात द्यायचं म्हणजे काळजी नाही – जगात एवढी एकच गोष्ट होती जी शर्वाणीनं कधी दोनदा मोजली नव्हती.

मोजायची गरजच काय. आईच्या कामाकडे बघत ती मोठी झाली. एखाद्याच्या घरासमोर डोंगर असतो, तो रोज काही त्याच्याकडे ‘वा’ म्हणून बघत नाही, पण कुठूनही परत येताना आधी तो दिसला की बरं वाटतं – तसं. बावीस वर्षांची शू ग्वेइलान, म्हणजे आई, नानतोंगजवळच्या खेड्यातून निघालेली, चाळीस मुलींच्या तुकडीबरोबर विमानातून उतरली ती थेट अजमानच्या कापडकारखान्यात. तिथं तिनं तीन वर्षं शर्टांच्या फक्त कॉलरी शिवल्या. शर्ट नाही. कॉलरी. “पूर्ण शर्ट मी दुसऱ्याच्या अंगावर बघितला,” ती सांगते, आणि त्यात तक्रार नसते, उलट गंमत असते. त्याच कारखान्यात दोऱ्यांच्या स्टोअरला बाबा होते, अंबादास, सोलापूरचे. मुली रिकामं रीळ आणून दाखवायच्या आणि शेडचा नंबर सांगून नवं न्यायच्या. ही एकच मुलगी नंबर न सांगता रंगाकडे बोट दाखवायची, आणि बाबांनी दिलेलं रीळ परत करायची. हा नाही. हाही नाही. कारखान्याच्या कार्डावर हिरव्याच्या सहा शेड होत्या. तिला त्यांच्या मधल्याही दिसत होत्या. शेवटी वैतागून बाबांनी तिच्यासाठी नावंच पाडली – कैरी, शेपू, विड्याचं पान, हरभऱ्याचा पाला, शेवाळ, बाटली – आणि अशा रीतीनं आई मराठीतला पहिला शब्द शिकली तो ‘नमस्कार’ नव्हता, ‘आई’ नव्हता, ‘शेपू’ होता.

सोलापूरच्या आजीनं लग्नात तिचं नाव सुलक्षणा ठेवलं. दुकानाच्या लायसन्सवर ते नाही, पण आजी शेवटपर्यंत फोनवर “सुलक्षणा, जेवलीस का” असंच विचारायची, आणि आई प्रत्येक वेळी फोनपाशी किंचित मान झुकवून “जेवली” म्हणायची. जेवलेली नसायची. त्या दोघींचं एका गोष्टीवर मात्र भाषेवाचून जमलं होतं – बाळंतिणीवर. मुग्धा झाली तेव्हा आजी नव्हती, पण शर्वाणीला ती दर तासाला दिसत होती; गार पाण्यात हात घालायचा नाही, डोकं उघडं ठेवायचं नाही, एसीसमोर बसायचं नाही, सव्वा महिना खाटेवरून उठायचं नाही, हे सगळं आजीचंच, पण बोलत होती नानतोंगची बाई. हातात काळ्या तिळांची पेज. “आमच्यात पण,” आई सांगायची, “एकदम सेम.” त्या सव्वा महिन्यात शर्वाणी खूप रडली. कारण नसताना. बाळ झोपलं तरी रडायची, बाळ उठलं तरी. आई येऊन धरायची, दोन्ही हातांनी, पाठीमागून, कापड धरावं तशी... आणि तेवढ्यापुरतं सगळं जागेवर यायचं.

आणि नऊवारी. त्याला कारण मीच – शर्वाणी म्हणजे मीच. तिसरीतल्या स्नेहसंमेलनात स्टेजवर माझा काष्टा सुटला होता, दोनशे माणसांसमोर, आणि आई पहिल्या रांगेतून उठून वर आली होती, मला एका हातानं उचलून विंगेत घेऊन गेली होती. पुढच्या वेळी आजी आली तेव्हा तिला उभं करून तिच्या अंगावरच्या नऊवारीवर आईनं खडूनं खुणा केल्या, प्रत्येक घडीवर, प्रत्येक खोच्यावर. “अगं बया, माझ्या अंगावर काय रांगोळी काढतीस,” आजी म्हणाली. आईनं ते लुगडं सोडलं, जमिनीवर अंथरलं, आणि ती अर्धा दिवस खुणांकडे बघत बसली. वाचत होती ती. आज यूएईतल्या निम्म्या मराठी बायका आईची नऊवारी नेसतात आणि एकीचाही काष्टा आजवर सुटलेला नाही.

मुग्धा बाबागाडीत झोपली. शर्वाणीनं तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग ती साड्यांच्या गठ्ठ्याकडे वळली. काम सोपं होतं. एकेक उचलायची, काचेच्या दाराशी उजेडात धरून सुटे दोरे कापायचे, नावाची चिठ्ठी टाचायची, घडी. बाहेर ऊन चढलं होतं, समोरच्या कॅफेटेरियात करक चहा शिजत होता, त्याचा वेलदोड्याचा वास दाराच्या फटीतून आत येत होता. विड्याच्या पानाचा हिरवा, त्याला लाल काठ. पहिली. दुसरी. पंधरावी. उलटून टीप बघावी तर समोरून कुठली आणि आतून कुठली कळू नये अशी. बावीस. तीस. तिच्या बोटांना त्या टिपेची गोडीच लागली, ती नको तिथंही उलटून बघायला लागली... पस्तिसाव्या साडीवर तिचा हात थांबला.

दोरा निळा होता.

हिरवा नव्हे. काळपट निळा, शाळेच्या गणवेशाच्या पँटचा असतो तसा. टीप तीच, सरळ, रेघेसारखी, एका इंचात मोजून बारा टाके, पण निळी. काष्ट्याच्या कडेला तर बाहेरूनही दिसत होती. शर्वाणीनं साडी दाराबाहेर नेली, भर उन्हात धरली. निळाच. छत्तिसावी बघितली. निळा. सदतिसावी...

ज्या बाईनं हिरव्या रंगाच्या मधल्या शेड ओळखून एका माणसाला लग्नापर्यंत आणलं, तिनं विड्याच्या पानावर निळा दोरा घातला होता आणि तिला ते दिसलं नव्हतं.

आत आई इस्त्री करत होती. कडेला जाताना इस्त्रीच्या पुढं तिची डाव्या हाताची दोन बोटं धावत होती, वाट दाखवणाऱ्या पोरासारखी. हे शर्वाणीनं हजारदा बघितलं होतं आणि दर वेळी तिला वाटलं होतं – काय कसब आहे.

“चाय,” म्हणत सायराआंटी दार ढकलून आत आली, हातात कागदी कप, आणि शर्वाणीच्या चेहऱ्याकडे बघून तिथंच थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “देख लिया?”

“आंटी, कबसे?”

“रमज़ान के पहले से. मैंने तुझे बोला था.”

“बोला था.”

“तू हँसी भेजी थी.” त्यात दोष नव्हता, नुसती आठवण होती, म्हणून ती जास्त लागली. “मैं बोली उनसे, डॉक्टर के पास चलो. बोलती हैं, नऊवारी के बाद. उसके पहले बोलती थीं, बच्ची के बाद. अम्मा का ‘बाद’ तो तू जानती है.”

जाणत होते. मी बाबा गेले त्या वेळेपासून जाणत होते.

पण निळाच का? ते शर्वाणीच्या डोक्यात फिरत राहिलं. नजर कमी झाली तर सगळ्याच साड्यांचं काहीतरी बिघडायला हवं होतं. चौतीस साड्या निर्दोष, आणि पस्तीसपासून पुढं... तिनं भिंतीवरच्या मांडणीकडे बघितलं. पुठ्ठ्याचे चौसष्ट डबे, आठ ओळींत आठ, आणि प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात नाव. पोपटी. मोरपंखी. शेपू. डब्यांची रांग कशी सुंदर लागली होती – फिकट ते गडद, इंद्रधनुष्यासारखी. कारण गेल्या शनिवारी ती शर्वाणीनंच लावली होती.



शनिवारी मुग्धा झोपली होती, आई बँकेत गेली होती, आणि मांडणी बघून शर्वाणीला कसंतरीच झालं होतं – लालाशेजारी राखाडी, पांढऱ्याशेजारी जांभळा, कशाला काही ताळमेळ नाही. सोमवारपासून बाळ इथं राहणार, मग जरा नीटनेटकं नको? दोन तास खपून तिनं सगळे डबे रंगवार लावले, फोटो काढून निनादला पाठवला. ‘एकदम शोरूम,’ निनादनं लिहिलं होतं. आई परत आली. मांडणीसमोर उभी राहिली. एक हात लाकडावर ठेवून बराच वेळ. मग म्हणाली, “छान.” तो बराच वेळ शर्वाणीला आत्ता दिसला, पाच दिवसांनी, चहाचा कप हातात घेऊन उभी असताना. आई डबे वाचत नव्हती. कधीच वाचत नव्हती. तिचा हात जागा ओळखत होता, आणि त्या जागा मीच पुसून टाकल्या होत्या.

मुलीनं नवी मांडणी हौसेनं लावली, म्हणून ती काही बोलली नाही. नवीन जागा पाठ करायला घेतल्या असतील. एक चुकली.

साधनाताई चारच्या तीनलाच आल्या, कारण साधनाताई कुठंही तासभर आधी पोहोचतात, आणि सोबत लेझीमच्या पहिल्या रांगेतली मुलगी, कॉलेजातली, कानात काहीतरी घातलेली. “सुलक्षणावहिनी, झालं ना सगळं? यल्ला, यल्ला, चला लवकर, गाडी डबल पार्क केलीय, दंड झाला तर तुमच्या नावावर.” त्यांनी मुग्धाचा गालगुच्चा घेतला, शर्वाणीला “बारीक झालीस, खातेस की नाही” म्हटलं, आणि त्या मुलीला वरची साडी देऊन आत पिटाळलं. “बघू तरी आधी, कशी दिसतेय.”

वरची. शर्वाणीच्या तोंडातून शब्द बाहेर यायच्या आत ती मुलगी पडद्याआड गेली होती. सदतिसावी होती ती.

सांगावं का? आत्ता सांगितलं तर आई सातही उसवायला घेईल, साधनाताईंना थांबवून ठेवेल, इथंच, त्यांच्यासमोर. नाही सांगितलं तर... तर आईला कळणारच नाही, आणि शर्वाणीला सोमवारी मुग्धाला इथं ठेवायचंय, बावीस सुयांच्या, इस्त्रीच्या, कात्र्यांच्या दुकानात, अशा हातांत, जे... त्या ‘जे’च्या पुढं तिला जाता येईना.

पडदा सरकला. मुलगी बाहेर आली आणि दुकान एकदम लहान झालं. ती जीन्सवर काय होती आणि आता काय दिसत होती. तिनं एक पाय पुढं टाकला, काष्टा ताणला, सैल झाला, पुन्हा बसला, जिथला तिथं. “ओ माय गॉड, आय कॅन रन इन धिस,” ती म्हणाली, आणि सरळ बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन तिनं दोन ठेके धरले, हातात लेझीम नसताना. कॅफेटेरियातली माणसं कप हातात धरून बघत राहिली. शर्वाणीला सगळं विसरून टाळी वाजवावीशी वाटली.

“अगं, थांब,” साधनाताई वाकल्या. “हे काय, काठाशी... निळ्या दोऱ्यानं?”

इस्त्रीचा आवाज थांबला.

“किती गोड दिसतंय,” साधनाताई म्हणाल्या. “कुणाला सुचलं? हिरव्यावर निळी कड. सगळ्यांना का नाही केलंत हो?”

आईनं इस्त्री उभी केली. ती पुढं आली, त्या मुलीशेजारी गुडघ्यावर बसली, आणि तिनं काष्ट्याची कड दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ नेली. खूप जवळ. मग उजेडाकडे वळवली. शर्वाणीनं तो क्षण बघितला, पूर्ण बघितला, पापणी न हलवता. आईच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीतीही नव्हती. एखादा हिशेब शेवटी जुळत नाही तेव्हा माणूस परत पहिल्या ओळीवर जातं, तसं काहीतरी होतं.

“सगळ्यांना नाय,” आई उठत म्हणाली. “पुढच्या रांगेला फक्त. फॅशन.”

“तेच म्हटलं. खलास, पहिली रांग आमचीच.” साधनाताईंनी दोन्ही हात जोडले. “वहिनी, परवा यायचंच. पुढच्या खुर्चीवर. कारण ऐकून घेणार नाही.”

गाडी भरली, गेली. दुकानात एकदम पसरट शांतता झाली, आणि मुग्धा जागी होऊन तोंडात मूठ घालून त्या शांततेकडे बघत राहिली.

“किती?” आईनं विचारलं.

“सात.”

आईनं थोडा विचार केला. “सात नाय, आठ. आठ चांगला,” ती म्हणाली. “सात असतं तर वाईट.”

शर्वाणीला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू आलं, आणि ते दोन्ही एकदम आवरताना तिनं विचारलं, “पण मला तर पस्तीसपासून एक्केचाळीसपर्यंत सातच... मी मोजल्या आई, मी दोनदा...”

“बेचाळीस शिवल्या.” आईनं कपाटातून एक घडी काढली. “एक्केचाळीस म्हंजे एक एकटी राहते. मला नाय आवडत. ही तुझी. ही पण निळीच असणार.”

निळीच होती. शर्वाणीनं ती अंगाला लावून बघितली. कंबर, जी बाळंतपणानंतर तिची तिलाच ओळखू येत नव्हती, तिथं बरोबर. “माप कधी घेतलंस?”

“तू रडत होती तवा. मी धरली ना.”

शर्वाणीनं टेबलावरचं विड्याच्या पानाचं रीळ उचललं आणि – कशासाठी ते ठरवायच्या आधीच – आईच्या डोळ्यांसमोरून हळूहळू उजवीकडे नेलं. गोंडा नेला होता तसं. आईची नजर निघाली, पण उशिरा. रीळ खिडकीच्या उजेडात गेलं तिथं ती थबकली, हरवली, मग अंदाजानं शर्वाणीच्या तोंडाकडे आली.

“कसं दिसतं, आई?”

“दूध सांडल्यासारखं,” आई म्हणाली. “सगळ्यावर थोडं थोडं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू बाळाचे डोळे बघत होती,” आई म्हणाली. टोमणा नव्हता तो. आई टोमणे मारत नाही, तिला मराठीत ते येत नाहीत. “ते बघायचेच असतात. मी पण तुझे बघितले.”

“उद्या डॉक्टरकडे जायचं. मी आत्ता फोन करते.”

“उद्या तीन ब्लाउज आहेत. मंग.”

“मग म्हणजे कधी?”

“मंग,” आई म्हणाली, आणि तिनं मुग्धाला उचललं, खाली सतरंजीवर पालथं घातलं. मुग्धा ताबडतोब हातांवर उठली, डोलली, पुढं सरकायचा प्रयत्न करू लागली. आई तिच्यापुढं गुडघे टेकून बसली, आणि तिनं आपले दोन्ही तळवे जमिनीवर ठेवून सतरंजीच्या कडेनं फिरवले, सावकाश, फरशीचा एक चौकोन, दुसरा, तिसरा. टेबलाखाली तिची बोटं कशाला तरी लागली. दोरा. तिनं दोरा ओढला. दोऱ्यामागून सुई आली.

“हे बघ,” ती म्हणाली. “नुसती सुई पडली तर मला दिसत नाय. दोरा असला की हाताला लागते. बाळ रांगणार. म्हणून सगळ्यांना दोरा.” तिनं ती सुई उशीत टोचली. “रोज संध्याकाळी मोजते. बावीस. एक पण कमी नाय झाली.”

शर्वाणीनं उशीकडे बघितलं. सकाळपासून तिनं त्या बावीस सुयांचे किती अर्थ लावले होते – सुंदर म्हणून, स्टाइल म्हणून, आजार म्हणून. या बाईनं दूध सांडलेल्या जगात बसून, गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या चांगल्या डोळ्यांची दोन मिनिटं मागून घेऊन, एका रांगणाऱ्या बाळासाठी सगळी जमीन आधीच सुरक्षित करून ठेवली होती. आणि कुणाला कळूही दिलं नव्हतं. आनंद झाला की भीती वाटली ते शर्वाणीला सांगता येईना, छातीतली लेझीम मात्र पुन्हा सुरू झाली, सकाळपेक्षा जोरात.

“आता डबे लाव,” आई म्हणाली. “होते तिथं.”

“मला आठवत नाहीत गं. मी फोटोसुद्धा नंतरचा काढला.”

“मी सांगते.” आई मुग्धाला मांडीत घेऊन मांडणीकडे पाठ करून बसली आणि तिनं डोळे मिटले. “खालून दुसरी ओळ. डावीकडून पाच. शेवाळ.”

शर्वाणीनं शेवाळ ठेवला.

“त्याच्या बाजूला राखाडी. बाबानं तिथं ठेवला, पावसात भिंत अशी दिसते म्हणून. मंग कैरी. कैरीच्या वर मीठ.”

“मीठ म्हणजे?”

“पांढरा. कैरीला मीठ लागतं ना.” आई डोळे मिटूनच हसली. “लाल, त्याच्या खाली शेपू. शेपू मी पहिल्यांदा मागितला तवा लाल शर्ट होता त्याच्या अंगावर.”

ताळमेळ नाही, असं मी म्हटलं होतं. चौसष्ट डब्यांत एक अख्खा संसार लावलेला होता, ओळीनं, आणि ती तो पाठीमागच्या भिंतीवरून न बघता वाचत होती. एकदाही अडखळली नाही, एकदाही मागं घेतलं नाही. बाटली. विड्याचं पान. मोरपंखी. मुग्धा प्रत्येक नावाला मान वळवून आजीच्या तोंडाकडे बघत होती, जणू एकेक पाठ करत होती. बावन्न. त्रेपन्न. मला तो खेळ संपूच नये असं वाटत होतं, आणि त्याच वेळी आतून कुणीतरी विचारत होतं, जिला हे सगळं येतं तिला बाळाच्या घशात अडकलेला एखादा एवढासा मणी दिसेल का... दोन्ही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

साडेपाचला निनादची गाडी समोर आली तेव्हा मी दाराशी उभी होते, एका खांद्यावर मुग्धा, दुसऱ्या हातात माझी निळ्या टिपेची नऊवारी. डॉक्टरांची शुक्रवारी सकाळी अकराची वेळ मी आईला न विचारता घेऊन टाकली होती. ती येईल की ब्लाउज शिवत बसेल, मला माहीत नाही. सोमवारी बाळाला इथं ठेवायचं की नाही, तेही अजून ठरलेलं नाही. गाडीत बसेपर्यंत मी तीनदा हो म्हटलं आणि तीनदा नाही.

पण सोमवारी मी जबल अलीला, माझ्या ऑफिसात असेन, ते नक्की. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कुसैसच्या बाजूला राहत असाल, किंवा अल नहदाहून कधी भाजीला त्या गल्लीत येत असाल, तर काहीतरी उसवलेलं घेऊन तिच्याकडे जा. उसवलेलं नसेल तर एखादं बटण तोडून न्या. ती उशी पुढं करेल, एक सुई ओव म्हणेल. ओवा, आणि रंगाचं नाव मोठ्यानं सांगा, तिला आवडतं. कशी आहेस म्हणून विचारू नका, विचारलं की ती छान म्हणते. नुसतं तिच्या डोळ्यांकडे बघा, नीट, दोनदा, बाळाचे बघतात तसे. आणि काय दिसलं ते मला कळवा. या वेळी मी हसरा चेहरा पाठवणार नाही.